गवत गेलं, शेण परत आलं नाही



मे महिन्याचा शेवटचा आठवडा. बोईसरच्या पूर्वेला संध्याकाळी ढग जमायला लागलेत. बियाणं काढून ठेवलंय, वाफ्यांची जागा नांगरून झाली. यंदा राब भाजला नाही. त्याऐवजी तुसाची काळी राख केली, तिची माहिती फोटोसकट टाकणार होतो. लिहायला बसलो तेवढ्यात भाच्याचा फोन आला. तो डंपरवर आहे.

"मामा, कंपनीचं खत आहे. दोन डंपर. फुकट. तुम्ही जागा तेवढी दाखवा."

"कसलं खत?"

"काळं आहे, ओलं आहे. साहेब बोलले शेतीला चालतं."

मी म्हटलं, कागद घेऊन ये. तो म्हणाला, "खताला कसला कागद, मामा?" आणि फोन ठेवला.

म्हणून आज राखेची पोस्ट जरा लांबली आहे. आधी थोडा जुना हिशेब मांडतो. आपल्या गावांतून काय काय गेलं आणि बदल्यात काय परत आलं, त्याचा.

दोन-तीन वर्षांपूर्वी एका कार्यशाळेला गेलो होतो. पडद्यावर गोल बाण काढलेला, वर लिहिलेलं 'चक्रीय अर्थव्यवस्था'. एकाचा टाकाऊ माल तो दुसऱ्याचा कच्चा माल, असं साहेब समजावत होते. चांगलं सांगत होते, टिंगल करण्यासारखं काही नव्हतं. पण मागच्या रांगेतले एक आजोबा शेजारच्याला जरा मोठ्यानेच म्हणाले, "म्हणजे उकिरडा ना?" सगळे हसले. साहेबही हसले. मला मात्र पुढे बरेच दिवस ते डोक्यात राहिलं. कारण उकिरडा आपल्याकडे होता. मग तो गोल बाण तुटला कधी? कुणालाही विचारा, उत्तर एकच येतं: एमआयडीसी आली तेव्हा. मला ते पटत नाही. माझ्या मते तो शंभरेक वर्षं आधीच तुटला होता, आणि तोडणारी गोष्ट कारखाना नव्हती. ती आगगाडी होती.

आधीचं चित्र डोळ्यापुढे आणा. खाली भाताची खाचरं, वर वरकस जमीन, त्याच्यावर जंगल, पश्चिमेला खाजण आणि समुद्र. वरकसावरचं गवत आणि भाताचा पेंढा गुरांना. गुरांचं शेण राबाला. राबावर शेणाचा थर, मग झाडाची कवळं, त्यावर पालापाचोळा, गवत, आणि वर मातीचा हात. वाऱ्याच्या उलट्या बाजूने आग लावायची म्हणजे सावकाश धुमसत जाते. त्या राखेत रोपं. किनाऱ्यावरून मच्छीमार बायका सुकी मासळी आणि मीठ डोक्यावर घेऊन आत यायच्या आणि भात घेऊन परत जायच्या. माझी आजी सांगायची, सातपाटी-मुरब्याकडच्या ठरलेल्या बायका ठरलेल्या घरी यायच्या. खराब निघालेली मासळी माडाच्या नाहीतर फळझाडाच्या आळ्यात जायची. वास यायचा, पण झाड धरायचं.

हे सगळं सुखाचं होतं असं मी म्हणत नाही. वेठ होती, सावकारी होती, उपास होते. पण जमिनीतून उचललेलं बरंचसं पाच-दहा कोसांच्या आतच फिरून त्याच जमिनीत यायचं, एवढं खरं.

१८६४ साली सुरतेकडून मुंबईपर्यंत रेल्वे जोडली गेली. आपण आज जी पश्चिम रेल्वे म्हणतो तीच ही लाईन, तेव्हाची बीबीसीआय. मुंबई वाढत होती. ट्राम ओढायला घोडे, गाड्यांना बैल, आणि दुधाला म्हशी, सगळी जनावरं शहरातच. त्यांना चारा कुठून आणायचा? लाईनीला लागून वरकसाचे माळच्या माळ पडलेले. मग पालघर, बोईसर, डहाणू या पट्ट्यात गवताच्या वखारी उभ्या राहिल्या. दसरा झाला की कापणी, माळावरच वाळवण, मग दाबून बांधलेल्या गासड्या आणि गाडीने मुंबईला. ज्यांचं वय साठीच्या पुढे आहे त्यांना या वखारी आठवत असतील. पुढे ट्रक आले तरी धंद्याची रीत तीच राहिली.

आता जरा शेतकऱ्याच्या डोक्याने बघा. एक गासडी गवत म्हणजे काय? त्यात आपल्या माळाचा नत्र आहे, पालाश आहे, सिलिका आहे. म्हशीने ते खाल्लं, दूध मुंबईकर प्यायला, आणि शेण? शेण गटारात, नाल्यात, नदीत. दहिसर आणि ओशिवरा या मुंबईच्या नद्यांच्या दुर्दशेच्या बातम्या येतात तेव्हा त्यात तबेल्यांच्या शेणाचा उल्लेख हमखास असतो. मी ती बातमी वाचतो तेव्हा मनात येतं, त्यातलं थोडं आमच्या माळाचं आहे. गाडी भरून जायची ती रिकामीच परत यायची. शेण वजनाला जड, पाणीच जास्त, भाडं परवडत नाही. गवत हलकं, कोरडं, भाडं परवडतं. या एका भाड्याच्या फरकाने चक्र तुटलं. कुणी वाईट हेतूने केलं नाही.

आणि गंमत बघा, मुंबईतच त्या काळी याचं दुसरं टोक कुणाला तरी दिसलं होतं. माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ साली मैल्यापासून गॅस करून दिव्याला वापरला गेला. गोबरगॅसच्या इतिहासात हे उदाहरण नेहमी सांगतात. म्हणजे माहिती नव्हती असं नाही. पण ते एका आवारात झालं, कारण तिथे घाण करणारा, गॅस करणारा आणि दिवा लावणारा एकाच भिंतीच्या आत होते. आमचं गवत आणि मुंबईची म्हैस यांच्यामध्ये शंभर किलोमीटर होते.

गवत जात होतं त्याच सुमाराला दुसरी बाजूही आवळली गेली. १८७८ चा जंगल कायदा झाला, जंगलं राखीव झाली, राबासाठी कवळं तोडण्यावर बंधनं आली. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत यावरून एवढी ओरड झाली की सरकारला १८८५ ते ८७ या काळात जंगल कमिशन नेमावं लागलं. राब हा शेतकऱ्याचा आळशीपणा की गरज, यावर गोऱ्या साहेबांमध्ये वाद झाले. व्होल्कर नावाचे रसायनतज्ज्ञ विलायतेहून आले, त्यांच्या १८९३ च्या अहवालात राबाची चर्चा आहे. पुण्याच्या शेती कॉलेजच्या हॅरल्ड मान यांनी जोशी आणि कानिटकर या सहकाऱ्यांबरोबर १९१२ मध्ये राबावर स्वतंत्र शास्त्रीय पुस्तिकाच काढली. नुसती राख नव्हे तर मातीला बसणारी आच काय करते हेही त्यांनी तपासलं. कृषी खात्यातल्या मित्रांना विनंती, ही पुस्तिका मिळाली तर जरूर वाचा. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी आपल्या राबाकडे 'अडाणी पद्धत' म्हणून न बघता प्रयोगशाळेत नेलं होतं.

असो. मुद्दा असा की गवत गाडीने गेलं आणि कवळं कुंपणाआड गेली. राबाचे दोन पाय मोडले. शेण तेवढं राहिलं, तेही कमी. गवत विकलं की गुरं कमी ठेवायची, गुरं कमी की शेण कमी. हे गणित कुणालाही कळेल.

पैसा आला ना, असं कुणी म्हणेल. आला. कुणाकडे आला ते १९४५ साली कळलं. उंबरगाव आणि डहाणू तालुक्यांत वारली उभे राहिले. मे महिन्यात झरीला परिषद झाली, वेठबिगार बंद करायची ठरली. आणि पावसाळा सरल्यावर संप झाला तो कशाचा? गवत कापणीचा. पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये द्या, ही मागणी. ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला, जेठ्या गांगड आणि आणखी माणसं गेली. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकामुळे ही हकिगत महाराष्ट्राला माहीत झाली. आपण ती वेठीच्या विरोधातला लढा म्हणून वाचतो, आणि ते बरोबरच आहे. पण शेतकरी म्हणून मला त्यातलं 'गवत' दिसतं. सगळी मुंबई दूध पीत होती त्याच्या मुळाशी एक कोयता होता आणि कोयत्यामागच्या माणसाला अडीच रुपये मागावे लागत होते. माती परत मिळाली नाही आणि मजुरीही नाही. चक्राच्या चर्चेत ही दुसरी गोष्ट सहसा येत नाही, म्हणून मुद्दाम लिहिली.

सरकारला पुढे एक चांगली कल्पना सुचली होती. मुंबईतले तबेले बाहेर काढायचे. १९४९ मध्ये आरे वसाहत उभी राहिली, ती मुंबईलगत. पण पुढे आपल्याच भागात, डहाणू-तलासरीकडे, दापचरीचा दुग्धप्रकल्प आला. कुर्झ्याचं धरण त्याच्यासाठीच. म्हणजे विचार असा की गवत मुंबईला नेण्याऐवजी म्हैस गवताकडे आणा, दूध तेवढं पाठवा. कागदावर बघितलं तर तुटलेलं चक्र जोडणारी यापेक्षा नामी योजना नाही. दूध बाहेर जाईल, शेण इथेच राहील. पण त्यासाठी आदिवासींच्या जमिनी गेल्या, तबेलेवाले मुंबई सोडून मनापासून आले नाहीत, आणि आज हायवेने जाताना त्या प्रकल्पाची पडझडच दिसते. मला वाटतं त्यात एक चूक मूळची होती. शेण कुणाच्या शेतात जाणार हे कुणी ठरवलंच नव्हतं. दूध कुठे जाणार ते पक्कं होतं.

आता एमआयडीसीकडे येतो.

१९६९ साली तारापूरला देशातलं पहिलं अणुवीज केंद्र सुरू झालं. त्यानंतरच्या दशकात बोईसरला औद्योगिक वसाहत उभी राहिली. नाव तारापूरचं, जागा बोईसर-पास्थळ-सालवड-कुंभवलीची. रसायनं, औषधं, कापड रंगवणं, स्टील. आमच्या घरातले दोघं तिथे नोकरीला होते, त्या पगारावर घराला स्लॅब पडला, ते मी विसरत नाही. पण शेतकऱ्याचा हिशेब सांगायचा तर गवताच्या वेळी माल जात होता आणि काही परत येत नव्हतं. आता उलटं झालं. कच्चा माल बाहेरून, तयार माल बाहेर, आणि इथे राहतं ते फक्त शेवटचं. सांडपाणी सामायिक प्रक्रिया केंद्रातून पाइपने नवापूरच्या समुद्रात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मोजणीत तारापूर ९३.६९ गुणांनी देशात सर्वांत वर होतं, आणि या परीक्षेत पहिला येणं म्हणजे नापास होणं. अखिल भारतीय मांगेला समाज परिषद हरित लवादात गेली. २०२२ च्या जानेवारीत लवादाने शंभराच्या वर कारखान्यांना आणि सांडपाणी केंद्राला मोठा दंड लावला. मासे खाणाऱ्या, मासे विकणाऱ्या समाजाने हा खटला लढवला, हे लक्षात घ्या. आम्ही शेतकरी तिथे फारसे नव्हतो.

हे असंच व्हावं लागतं असं नाही. डेन्मार्कमध्ये समुद्रकाठी कालुंडबोर्ग म्हणून छोटं गाव आहे. आपल्या तारापूरसारखंच: एक वीजकेंद्र, एक तेलशुद्धीकरण कारखाना, प्लास्टरच्या पाट्या बनवणारी कंपनी आणि इन्सुलिन-एन्झाइमचा कारखाना. १९७२ मध्ये तेल कारखान्याचा जळून जाणारा गॅस प्लास्टरवाल्यांनी घेतला. १९७९ पासून वीजकेंद्राची राख सिमेंटला. आणि आपल्या कामाचं म्हणजे १९७६ पासून इन्सुलिनवाल्यांच्या आंबवणीतून उरणारा चोथा आजूबाजूच्या शेतकऱ्यांच्या शेतात खत म्हणून जाऊ लागला. कुणी मंत्र्याने उद्घाटन करून हे सुरू केलं नाही. एकेक करार, दोघांना परवडला म्हणून झाला. गाव लहान, मॅनेजर लोक एकमेकांना ओळखणारे. याला काहीतरी नाव आहे हे त्यांना १९८९ च्या सुमारास कळलं!

त्यातला शेतकऱ्याचा भाग नीट बघा. चोथा कशाचा आहे हे शेतकऱ्याला माहीत होतं. जंतू मारून दिलेला होता. कारखाना पळून जाणारा नव्हता. काही बिघडलं असतं तर कुणाच्या दारात जायचं ते ठाऊक होतं.

आमच्या बाबांना हे ठाऊक नव्हतं.

साल ९३ किंवा ९४ असेल, मी शाळेत होतो. आमच्या लाल मातीला आम्लतेचा त्रास, चुना घातला तर फायदा होतो असं बाबांनी कुठेतरी ऐकलं होतं. त्याच वर्षी एक ट्रकवाला ओळखीतून आला. म्हणाला, कंपनीचा चुना आहे, पांढरा स्वच्छ, डिझेलचे पैसे द्या फक्त. बाबांनी चार फेऱ्या टाकून घेतल्या, नाल्याकडच्या खाचरात आठेक गुंठ्यांवर पसरला. पहिल्या पावसात काही कळलं नाही. लावणी झाली. पंधरा दिवसांत रोपांची टोकं करपली, मग पिवळी पडून बसली. भाद्रपदात चार दिवस ऊन पडलं तेव्हा बांधाच्या कडेला पांढरा थर आला, जिभेला लावला तर खारट-कडू. आई म्हणाली, खाजण विकत आणलंत.

ट्रकवाल्याला शोधायला बाबा तीनदा बोईसरला गेले. ट्रक दुसऱ्याच कुणाच्या नावावर, माल कुठल्या गेटातून भरला ते त्याला आठवत नव्हतं, की सांगायचं नव्हतं. तक्रार करायची तरी कुणाविरुद्ध? आजही मला सांगता येत नाही की तो नेमका कसला गाळ होता. आपल्याकडे पाऊस धो धो पडतो हे नशीब. दरवर्षी बांध फोडून पाणी काढत राहिलो, शेणखत आणि गिरिपुष्पाचा पाला घालत राहिलो, तेव्हा पाच-सहा वर्षांनी ते खाचर ताळ्यावर आलं. अजूनही त्या कोपऱ्यात लोंबी बारीक येते. बाबा मात्र त्या खाचरात पुन्हा कधी स्वतः लावणीला उतरले नाहीत. बांधावर उभे राहायचे.

म्हणून भाच्याला कागद मागितला. आणि कुठला कागद, ते इथे लिहून ठेवतो, कारण अशा डंपरचे फोन तुम्हालाही येत असणार.

घातक कचऱ्याचे नियम १९८९ पासून आहेत, सध्या २०१६ चे लागू आहेत. घातक कचरा गेटाबाहेर पडला की त्याच्यासोबत फॉर्म १० लागतो. त्यावर माल कुणाचा, कसला, किती, कुठे चालला हे लिहिलेलं असतं. तारापूरचा असा कचरा तळोज्याच्या विल्हेवाट केंद्रावर नेतात, आणि त्याला पैसे लागतात. म्हणजे ज्या मालाला तळोज्याला न्यायला कंपनीचे पैसे जातात, तो तुमच्या शेतात 'फुकट' आला तर फायदा कुणाचा झाला ते बघा. दुसऱ्या कुणाला तो कच्चा माल म्हणून खरोखर वापरायचा असेल तर याच नियमांतला नववा नियम आहे, प्रदूषण मंडळाची परवानगी आणि ठरवलेली पद्धत लागते. वाट बंद नाही, पण ती कागदावरून जाते.

आणि कुणी 'कंपोस्ट' म्हणून देत असेल तर खत नियंत्रण आदेशात मर्यादा दिल्या आहेत. शहरी कंपोस्टमध्ये किलोला कॅडमियम ५ मिलिग्रॅम, क्रोमियम ५०, निकेल ५०, शिसं १०० यापेक्षा जास्त चालत नाही. स्टील धुण्याच्या गाळात क्रोमियम-निकेल असू शकतं, रंगकामाच्या गाळात आणखी काही. हे डोळ्याला दिसत नाही आणि एका पावसात धुऊन जात नाही. आमचं खाचर क्षारांमुळे गेलं म्हणून परत आलं. जड धातूंनी गेलं असतं तर मी आज ही पोस्ट लिहिली नसती, प्लॉट पाडून विकले असते.

पश्चिम महाराष्ट्रातले मित्र म्हणतील, तुम्ही फार घाबरता, आमच्याकडे साखर कारखान्याची मळी शेतात पडते, चांगलं येतं. अगदी खरं. १९५० मध्ये प्रवरेला विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी सहकारी कारखाना उभा केला तेव्हापासून तिकडे हे चक्र दिसतंय: ऊस आत, साखर बाहेर, चिपाड बॉयलरला, मळी शेताला. पण तिथे मळी घेणारा हाच ऊस घालणारा आहे आणि तोच सभासद आहे. वार्षिक सभेत उभं राहून विचारू शकतो, यंदा मळीत काय मिसळलंत? मी तारापूरच्या कुठल्या सभेत उभा राहू?

आता माझ्या राखेकडे येतो, ज्यासाठी लिहायला बसलो होतो.

डॉ. नारायण सावंत यांची चारसूत्री भात लागवड बऱ्याच जणांना माहीत आहे. लोक तिसरं आणि चौथं सूत्र लक्षात ठेवतात, म्हणजे दोरीवरची नियंत्रित लावणी आणि चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची गोळी. दुसरं सूत्र गिरिपुष्पाचा पाला. पण पहिलं सूत्र काय आहे? भाताच्या अवशेषांचा फेरवापर! तुसाची काळी राख वाफ्यात आणि पेंढा खाचरात. चौरस मीटरला अर्धा ते एक किलो काळी राख मातीत मिसळायची. तुसात सिलिका भरपूर, ती रोपाला ताठ करते, खोडकिडा आणि करप्याला थोडा आडोसा देते, आणि उपटताना मुळं सुटी निघतात. राबाने जे व्हायचं त्यातलं बरंचसं होतं, आणि जंगलातलं एक कवळ तोडावं लागत नाही.

तूस कुठून? आमच्यापासून दोन किलोमीटरवर भात गिरणी आहे. गिरणीवाला शेठ पूर्वी तूस वीटभट्टीला द्यायचा, अजूनही बरंचसं देतो. मी त्याला म्हटलं, माझंच भात तुमच्याकडे येतं, त्याच्या तुसावर माझा थोडा हक्क ठेवा. तो म्हणाला, हक्क कसला, पोती आणा आणि घेऊन जा. पण भट्टीवाला पैसे देतो, मी फुकट मागतो, हे मला बरं वाटलं नाही. शेवटी ठरलं असं: तूस मी नेणार, आणि दिवाळीनंतर त्याच्या दोन म्हशींना माझा पेंढा. त्याच्या गोठ्यातलं शेण मला. लिखापढी नाही, पण दोघांची घरं एकमेकांना माहीत आहेत.

राख करताना सांभाळायचं ते एवढंच. पत्र्याचा जुना डबा, त्याला खिळ्याने चारी बाजूंनी भोकं पाडा, वर जुना पाइप धुराड्यासारखा. डब्यात निखारे घालून तो जमिनीवर ठेवा, भोवती तुसाचा ढीग करा. आच आतून बाहेर सरकत येते. ढीग वरून काळा दिसायला लागला की लगेच फावड्याने पसरा आणि पाणी मारा. उशीर केला तर राख पांढरी होते, मग तिच्यातली सिलिका रोपाला तितकी लागू पडत नाही. माझा पहिला ढीग पांढरा झाला, कबूल करतो. जेवायला घरी गेलो होतो. ढिगाजवळ माणूस पाहिजे, वारं असेल तर दोन माणसं. धूर होतो, वस्तीजवळ करू नका.

पाच गुंठ्यांच्या वाफ्याला साधारण अडीचशे ते पाचशे किलो राख लागते. तूस जळून वजन निम्म्याच्याही खाली येतं, तेव्हा पोती त्या हिशेबाने आणा. ज्यांना एवढं जमणार नाही त्यांनी निदान एका वाफ्यात करून बघा आणि शेजारी नेहमीचा राब ठेवा. रोपं काढताना मुळांचे फोटो मला पाठवा. राब सोडा असं मी कुणाला सांगत नाही, मला स्वतःला अजून एकच हंगाम झालाय.

काल संध्याकाळी भाचा आला. कागद नव्हता. पण एका पिशवीत दोन किलो माल घेऊन आला होता, आणि या वेळी गेटाचं नाव, माल कुठल्या टाकीतून काढला आणि तिथल्या सुपरवायझरचा नंबर, असं सगळं चिठ्ठीवर लिहून. म्हणाला, "मामा, आजोबांचं खाचर मलापण माहीत आहे. आईने सांगितलंय." मी चिठ्ठी ठेवून घेतली, माल डबल पिशवीत बांधून पडवीत वर टांगला. सोमवारी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत देतो. जड धातू, क्षारता आणि सामू, तिन्ही तपासायला सांगणार आहे. खर्च माझा, कारण शेत माझं आहे. सुपरवायझरलाही फोन करणार आहे. डंपर तोवर येणार नाही, भाच्याला सांगितलंय.

रिपोर्ट आला की इथेच टाकतो, चांगला असो की वाईट. नाव कुणाचंही टाकणार नाही, आकडे सगळे टाकीन. कुणी तारापूरच्या बाजूला असा माल रीतसर तपासून, परवानगीने शेतात वापरला असेल तर खाली लिहा, पिकाचं नाव आणि किती वर्षं झाली ते सांगा.

आता उठतो. दुसरा ढीग काळा व्हायला आलाय.